निर्वासितांचा मानसिक आघात आणि गावपातळीवरचे ‘कोचिंग’: कुठवर जावे, कुठे थांबावे?

इटियाडोह

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आमच्याकडे प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगर, संजयनगर अशी बंगाली गावे आहेत, जिथली कुटुंबे पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आली. नकाशावर ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत आणि आठवडी बाजारात सगळे एकमेकांना भेटतात. पण कोण कशातून गेले याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आता विषयाकडे येतो. आमच्या भागातील एका मंडळाच्या तरुण मुलामुलींना या गावांमधील वृद्धांसाठी आणि ज्यांची झोप उडालेली आहे, जे माणसांत मिसळत नाहीत, अशा मधल्या वयाच्या लोकांसाठी काहीतरी नियमित काम करायचे आहे. त्यांनी शहरातील एका प्रशिक्षकाशी बोलणे केले. त्यांचा प्रस्ताव असा आहे की दोन दिवसांचे निवासी शिबिर घ्यावे, पहिल्या दिवशी मंडळाच्या मुलांना ‘ट्रॉमा कोच’ (मानसिक आघातातून सावरायला मदत करणारे) म्हणून तयार करावे, आणि दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना गोलात बसवून प्रत्येकाला आपली सर्वांत वाईट आठवण सांगायला लावावी, म्हणजे ‘मनात साचलेले बाहेर पडते’. शेवटी मुलांना प्रमाणपत्र मिळेल.

मला हे पटलेले नाही, परंतु का पटलेले नाही हे मुलांना नीट समजावून सांगता येत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. मानसिक आघातातून सावरण्यासाठी कोचिंग या पद्धतीचा उपयोग होतो का? होत असेल तर गावातील बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या मुलाने त्यातले नेमके काय करावे आणि कशाला हात लावू नये?

मानसमित्र

गुरुजी, धागा काढलात हे फार बरे केले. मी चिकित्सालयीन मानसशास्त्राचे काम करते आणि काही काळ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांना गोलात बसवून सर्वांत वाईट आठवण सांगायला लावणे, ही कल्पना आधी बाजूला ठेवावी. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सगळा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी जगभर लोकप्रिय होती. तिच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००२ च्या सुमारास घेतला गेला, तेव्हा असे दिसले की त्यामुळे पुढचा आघातोत्तर तणाव टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढण्याची शक्यता राहते. तुमच्याकडे प्रसंग ताजा नसून पन्नास-साठ वर्षे जुना आहे हे खरे. परंतु दोन दिवसांनी प्रशिक्षक निघून जाणार आणि ज्या बाईने शेजाऱ्यांसमोर बलात्काराची किंवा पोटच्या मुलाला वाटेत सोडून येण्याची गोष्ट सांगितली ती त्याच शेजाऱ्यांबरोबर पुढची वीस वर्षे हातपंपावर पाणी भरणार, हे लक्षात घेतले की धोका आपोआप कळतो.

आता कोचिंग. कोच हा उपचार करत नाही. माणसाला आज काय हवे आहे, त्याच्या हातात काय आहे, पुढच्या आठवड्यात तो कोणते एक पाऊल उचलू शकतो, आणि ते उचलताना काय आडवे येते, एवढ्यावर तो काम करतो. भूतकाळ उकरणे त्याच्या कामात येत नाही. निर्वासितांच्या बाबतीत ही मर्यादा उपयोगाचीच ठरते, कारण आघाताचा मोठा भाग माणसाच्या मनात असतो तसाच त्याच्या आजच्या परिस्थितीतही असतो. डेरिक सिलोव्ह या मनोविकारतज्ज्ञांनी निर्वासितांसाठी जी मांडणी केली तिच्यात पाच आधार सांगितले आहेत: सुरक्षितता, नाती, न्याय, समाजातील भूमिका व ओळख, आणि जगण्याला असलेला अर्थ. छळ आणि विस्थापन या पाचही आधारांना तडे देतात. मनोविकारतज्ज्ञ यातले काही दुरुस्त करू शकतो, सगळे नाही. कागदपत्र, रोजगार, आपल्या माणसांत पुन्हा मिळालेली जागा, या गोष्टी दवाखान्यात मिळत नाहीत. तिथे गावातला प्रशिक्षित सोबती कामाचा असतो.

आणखी एक. निर्वासित म्हणजे मनोरुग्ण असे धरून चालू नये. संघर्षग्रस्त भागातील लोकसंख्येबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार साधारण पाचांपैकी एकाला कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराचा त्रास असतो. म्हणजे उरलेल्या चौघांना दुःख असते, आठवणी असतात, पण विकार नसतो. त्या चौघांना ‘ट्रॉमा’चे लेबल चिकटवणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे.

प्रश्नचिन्ह

मानसमित्र यांच्या प्रतिसादातील पहिल्या मुद्द्याशी अर्धाच सहमत आहे. आघाताची कथा सांगणे हाच ज्या उपचाराचा गाभा आहे असा एक उपचार निर्वासितांसाठीच तयार झालेला आहे आणि तो परिणामकारक ठरलेला आहे. त्यात माणसाच्या संपूर्ण आयुष्याची रेषा जमिनीवर दोरी पसरून मांडतात. चांगल्या प्रसंगांसाठी फुले आणि वाईट प्रसंगांसाठी दगड ठेवतात, आणि मग जन्मापासून क्रमाने एकेक प्रसंग सांगत जातात. इतकेच नव्हे, तर युगांडातील नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियाच्या निर्वासितांसाठी हा उपचार त्यांच्यातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित लोकांनी दिला आणि त्याचा गुण आला. त्याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मग गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांनी ‘भूतकाळाला हात लावू नये’ असे आधीच ठरवून टाकणे म्हणजे गावातल्या माणसाला कमी लेखणे नव्हे काय?

मानसमित्र

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे. नाकिवालेमध्ये काम करणाऱ्यांना काही आठवडे शिकवले गेले होते, त्यांच्यावर सतत देखरेख होती, प्रत्येक व्यक्तीबरोबर एकट्याने अनेक बैठका झाल्या, आणि कथा पुरी होईपर्यंत ती अर्ध्यावर सोडली नाही. एका दिवसाच्या प्रशिक्षणावर जाहीर गोलात जे होणार आहे ते याच्या बरोबर उलट आहे. शिवाय त्या अभ्यासात तीन गट होते. एका गटाला तुम्ही म्हणता तो कथनाचा उपचार मिळाला, दुसऱ्याला अधिक मोकळ्या स्वरूपाचे समुपदेशन, आणि तिसऱ्याची केवळ पाहणी झाली. पहिल्या दोन्ही गटांची स्थिती तिसऱ्यापेक्षा सुधारली, आणि त्या दोघांत मोठा फरक दिसला नाही. मी त्याचा अर्थ असा लावते की नियमित, ठरलेल्या वेळी येणारा, ऐकून घेणारा आणि वर कोणाला तरी जबाबदार असणारा माणूस हा त्या उपचाराचा फार मोठा हिस्सा आहे. माझ्या अर्थाशी सगळे सहमत होतील असे नाही.

त्यामुळे ‘कधीच हात लावू नये’ असे माझे म्हणणे नाही. माणूस स्वतःहून सांगू लागला तर सोबत्याने ऐकावे, त्याला थांबवू नये, खोदून पुढचे विचारू नये, आणि उठण्यापूर्वी त्याला पुन्हा आजच्या दिवसात आणून सोडावे. म्हणजे साधे बोलावे: जेवण झाले का, नातू शाळेतून केव्हा येतो, उद्या सकाळी काय काम आहे.

मुलचेरेकर

बरेच दिवस नुसते वाचत होतो. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी मुलचेरा तालुक्यातल्या बंगाली गावात वाढलो. माझे शिक्षण मराठीत झाले, घरी बंगाली. आमची मंडळी साठच्या दशकात इकडे आणून वसवली गेली, तेव्हा हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता, गडचिरोली वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. नदीकाठची, मासळी-भाताची माणसे एकदम सागवानाच्या जंगलात आली.

माझ्या आजोबांविषयी लिहितो. त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात सीमेवर मिळालेली चिठ्ठी, छावणीचे कार्ड, जमिनीचा कागद, आणि त्यानंतर सरकारने दिलेला कागदाचा प्रत्येक कपटा प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेला होता. तलाठी गावात आला की कोणाच्याही कामासाठी आलेला असो, आजोबा पेटी उघडून कागद मोजायचे. नातेवाइकांच्या लग्नाला ते मुक्कामी जात नसत, कारण पेटी सोडून झोप येत नाही. लहानपणी आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्यांनी खुलना जिल्ह्यातून निघतानाची हकिगत कधीच सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. कोणी शिबिरात गोलात बसवून विचारली असती तर ते उठून निघून गेले असते असे मला वाटते.

त्यांना मदत झाली ती वेगळ्याच गोष्टीने. माझ्या मामेभावाने, जो पुढे ग्रामपंचायतीत कामाला लागला, सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती काढल्या, एक संच आमच्या घरी, एक स्वतःच्या घरी आणि एक चामोर्शीला राहणाऱ्या आत्याकडे ठेवला, आणि आजोबांना सोबत घेऊन तहसील कार्यालयात गेला. तिथे त्यांनी स्वतः खिडकीवर बोलावे असा त्याचा आग्रह होता. तो मागे उभा राहिला. परत येताना त्यांनी एस. टी. स्टँडवर भजी खाल्ली. त्यानंतर ते पहिल्यांदा दोन रात्री आत्याकडे राहिले. याला कोचिंग म्हणतात हे मला आज मानसमित्र ताईंचा प्रतिसाद वाचून कळले.

एक मुद्दा मात्र जोडतो. आमच्यातले बहुसंख्य लोक नमःशूद्र आहेत. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे मुलांचे दाखल्याचे प्रश्न वर्षानुवर्षे तसेच राहिले आहेत. अशा स्थितीत कोणी येऊन ‘तुमचा दृष्टिकोन सकारात्मक ठेवा’ असे म्हटले, तर ते बोलणे वृद्धांच्या आणि तरुणांच्याही जिव्हारी लागते. १९७८ मध्ये मध्य भारतातल्या दंडकारण्याच्या निर्वासित छावण्यांतून हजारो कुटुंबे पश्चिम बंगालकडे, सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर, परत गेली आणि १९७९ मध्ये त्यांना तिथून बळाने काढले गेले. दुसऱ्यांदा उठवले जाण्याची ही गोष्ट आमच्या गावांत आजही हळू आवाजात बोलली जाते. भीती निराधार नसताना ती घालवण्याचा उपदेश कोणी करू नये.

आशा_वडसा

वाचते आहे. मुलचेरेकर भाऊ, तुमच्या मामेभावाने केले तेच आम्ही गरोदर बाईच्या बाबतीत करतो: सोबत जातो, पण खिडकीवर तिलाच बोलू देतो.

चौथी_पाळी

मी परिचारिका आहे, मूळची पवनी तालुक्यातली. काही वर्षे एका आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर युगांडाच्या उत्तर भागात होते, जिथे दक्षिण सुदानचे निर्वासित मोठ्या संख्येने राहतात. तिथे जे चालते ते इथे कितपत लागू पडेल, यावर लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेची दोन साधने या कामासाठी उपयोगी आहेत. पहिले २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका व्यक्तीबरोबर आठवड्यातून एकदा दीड तासाची अशा पाच बैठका असतात. सावकाश श्वास घेऊन शरीराचा ताण उतरवणे, सुटण्यासारख्या अडचणींचे तुकडे पाडून एकेक सोडवणे, बंद पडलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करणे, आणि आधार देणारी माणसे पुन्हा जवळ आणणे, एवढ्या चारच गोष्टी शिकवतात. त्यात आघाताचा प्रसंग सांगावा लागत नाही. पाकिस्तानात पेशावरमध्ये आणि केनियात त्याच्या चाचण्या झाल्या आणि दोन्हीकडे शिकवणारे लोक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. गुरुजींच्या प्रश्नाला याच्याइतके जवळचे दुसरे काही मला माहीत नाही.

दुसरे साधन गटासाठी आहे. ध्वनिमुद्रित सूचना आणि चित्रांचे पुस्तक यांच्या आधारे पाच बैठकांत तीस जणांपर्यंतच्या गटाला ताण सांभाळण्याची कौशल्ये देता येतात. बोलणे मुख्यतः ध्वनिमुद्रणच करते, चालवणारी व्यक्ती फक्त गट सांभाळते. युगांडातल्या ऱ्हायनो कॅम्प या वसाहतीत दक्षिण सुदानच्या ६९४ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतरही या बैठकांना आलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास बैठका न मिळालेल्या गटापेक्षा कमी होता. स्वतःचे काही सांगण्याची सक्ती या गटात नसते, आणि म्हणून त्या बायका येत राहिल्या असे माझे मत आहे.

आता कोणी प्रत्यक्ष काम करणार असेल तर काही बारीक गोष्टी सांगते, ज्या पुस्तकात सापडत नाहीत किंवा सापडल्या तरी कोणी वाचत नाही. बसताना समोरच्या माणसाला दाराजवळची जागा द्यावी आणि आपण दार अडवून बसू नये. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये. गणवेशासारखे कपडे, खाकी रंग आणि गळ्यात लटकवलेले ओळखपत्र टाळावे. पहिल्याच दिवशी नोंदवही काढून लिहू लागू नये, कारण ज्याच्या आयुष्यात लिहून घेणाऱ्याने नंतर त्रास दिला आहे त्याला पेन दिसला तरी घाम फुटतो. लिहिणे गरजेचे असेल तर काय लिहिले ते वाचून दाखवावे. भाषांतरासाठी घरातल्या मुलाला मध्ये घालू नये. आईवर काय गुदरले ते दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून वदवणे हा दोघींवर नवा आघात असतो.

बोलता बोलता माणूस एकदम गप्प झाला, नजर स्थिर झाली, हाक मारली तरी ऐकू येत नाही असे वाटले, तर घाबरून हलवू नये. शांत आवाजात नाव घेऊन आज कोणता वार आहे, आपण कुठे बसलो आहोत ते सांगावे, पायाखालची जमीन दाबून बघायला लावावी, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे विचारावी, हातात पाण्याचा थंड पेला द्यावा. बहुतेक वेळा काही मिनिटांत माणूस परत येतो. त्या दिवशी पुढे काही विचारू नये.

प्रश्नचिन्ह

माहितीपूर्ण प्रतिसाद. माझा आक्षेप बराचसा मागे घेतो. मात्र परदेशातल्या चाचण्यांवरून विदर्भात काय चालेल हे ठरवता येते का, अशी शंका राहते.

मानसमित्र

विदर्भातलेच उदाहरण देते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘संगत’ या संस्थेने ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला होता. तो शेतकरी कुटुंबांतील नैराश्य आणि ताण यांच्यासाठी होता, निर्वासितांसाठी नव्हता. तरीही पद्धत पाहण्यासारखी आहे. गावातलीच साधारण शिकलेली माणसे घरोघरी जाऊन मानसिक त्रासाबद्दल बोलत, प्राथमिक मानसिक आधार देत, आणि गरज असलेल्याला वरच्या पायरीवरील समुपदेशकाकडे व मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवत. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरगुती काळजी शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, तेही १९९९ पासून जगापुढे आहे. साधा माणूस गुंतागुंतीचे काम शिकू शकतो याबद्दल विदर्भात तरी वाद असण्याचे कारण नाही. अट एकच: त्याच्या वर पायऱ्या हव्यात. ‘विश्राम’मधून वरची पायरी काढून टाका, आणि उरतो तो फक्त घरोघरी फिरून दुःख गोळा करणारा कार्यकर्ता.

म्हणून मंडळाच्या मुलांनी काम सुरू करण्याआधी वर कोण आहे ते ठरवावे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाशी लेखी बोलणे करावे, पंधरा दिवसांतून एकदा तिथल्या समुपदेशकाने मुलांशी फोनवर तरी तासभर बोलावे, अशी मागणी करावी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे आणि मराठीप्रमाणे बंगालीतही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम १८ मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ देते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नसली तरी तिबेटी नोंदणी प्रमाणपत्रधारक व्यक्तीला सरकारी दवाखान्यातून या कलमामुळे परत पाठवता येत नाही.

तातडीने वर पाठवायची लक्षणे मुलांनी पाठ करावीत: जीव देण्याची भाषा किंवा तयारी, अन्नपाणी सोडणे, कोणी दिसतो-ऐकू येतो असे सांगणे, दारूचे प्रमाण एकदम वाढणे, घरात मारहाण. अशा वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हा शब्द उच्चारू नये. त्याच दिवशी सोबत जावे.

आणि ‘ट्रॉमा कोच’च्या प्रमाणपत्राबद्दल. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे करावी लागते. कोच या शब्दाला आपल्याकडे तसा कोणताही कायदेशीर दर्जा नाही. उद्या मी स्वतःला काहीही म्हणवून घेऊ शकते. मुलांनी ते प्रमाणपत्र भिंतीवर लावले तर गावकरी त्यांना डॉक्टर समजतील, आणि गोळ्या बंद करू का असेही विचारतील.

नवेगाव_बांध

मी तिबेटी वसाहतीच्या शेजारच्या गावात राहतो, हिवाळ्यात स्वेटर विकायला नागपूरला जाणाऱ्या काही कुटुंबांशी घरोबा आहे, त्यावरून दोन गोष्टी लिहितो.

तिथले वृद्ध झोप न येणे, छातीत धडधडणे, उगाच रडू येणे यांसाठी आधी आपल्या वैद्याकडे जातात. शरीरातला वायू बिघडला असे त्यांचे शास्त्र सांगते. सोवा-रिग्पा ही त्यांची वैद्यकपद्धती भारत सरकारने २०१० मध्ये मान्य केलेली आहे. सोबत्याने त्यांना ‘हा वायू नाही, हा ट्रॉमा आहे’ असे शिकवायला जाऊ नये. वैद्याची गोळी, माळेचा जप आणि प्रदक्षिणा यांतून त्यांना जे बळ मिळते ते कोणत्याही बैठकीपेक्षा जुने आहे.

दुसरे असे की १० मार्च हा १९५९ च्या ल्हासातील उठावाचा दिवस ते पाळतात. त्या आठवड्यात काही घरांत वातावरण जड असते आणि काहींना उलट सगळ्यांबरोबर असल्याने बरे वाटते. मुलांनी कामाचे वेळापत्रक लावताना असे दिवस विचारून घ्यावेत. तरुण पिढी शिक्षणासाठी आणि परदेशी निघून जात आहे, मागे म्हातारी माणसे उरत आहेत. मला वाटते त्यांना आज जुन्या आघाताइतकाच त्रास या रिकाम्या घरांचा होतो. तिथे कोचिंगचे पाऊल म्हणजे कदाचित व्हिडिओ कॉल लावायला शिकवणे, एवढेच असेल.

आशा_वडसा

माझा एक प्रश्न आहे, त्याचे उत्तर कोणी दिले नाही. गावात गुप्तता कशी ठेवायची? मी एखाद्या घरी दुसऱ्यांदा गेले की शेजारीण विचारते, ‘काय झाले गं त्यांच्याकडे?’ आमच्या आरोग्याच्या कामात वजनकाटा, गोळ्या असे काही तरी निमित्त असते. या मुलांच्या हातात काय आहे? आणि मुलांना स्वतःला त्रास झाला तर? एका घरी गेल्यावर आमच्यातलीच एक कार्यकर्ती आठवडाभर जेवली नव्हती. तिच्याशी कोणी बोलले नाही, कारण तिचे काम ‘ऐकणे’ होते.

चौथी_पाळी

ताई, फार नेमका प्रश्न विचारलात. निमित्त ठेवावेच. आम्ही शिवणकामाचा गट चालवत होतो आणि त्यातच त्या पाच बैठका बसवल्या होत्या. तुमच्याकडे बचतगट आहे, कागदपत्रांसाठी मदत केंद्र उघडता येईल, सर्वांसाठी खुले, म्हणजे कोणाच्या घरी कोण आले याचा अर्थ लागत नाही. मुलांनी आपल्याच गल्लीतल्या घराची जबाबदारी घेऊ नये. अरुणनगरच्या मुलीने गौरनगरला जावे आणि उलट. जीव धोक्यात असेल तर मी हे गुपित ठेवणार नाही, एवढे पहिल्याच भेटीत सांगून टाकावे, नंतर सांगितले तर विश्वासघात वाटतो.

मुलांच्या त्रासाबद्दल: एकाकडे एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त माणसे देऊ नयेत. आपल्याच घरात विस्थापनाची कथा असलेल्या मुलांना, जशी बंगाली आणि तिबेटी मुले असतील, ऐकताना स्वतःच्या आजीची गोष्ट आठवणार. ती अडचण आहे आणि त्यांचे बळही आहे, कारण त्यांना भाषा आणि चालीरीती शिकवाव्या लागत नाहीत. पण मला आज जायचे नाही असे म्हणण्याची मोकळीक त्यांना हवी, आणि त्याचे कारण विचारले जाऊ नये.

इटियाडोह

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा छापून मी मुलांना वाचायला दिला. शिबिराच्या दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रद्द करावा असे त्यांनीच त्या प्रशिक्षकांना कळवले. त्यावर त्यांनी पहिला दिवसही घेण्यास नकार दिला, ते बरेच झाले. कागदपत्र मदत केंद्राची कल्पना सगळ्यांना आवडली. समाजमंदिराची खोली मिळते का ते पाहतो आहोत. जिल्हा रुग्णालयाला पत्र दिले आहे, उत्तर यायचे आहे. ते येईपर्यंत घरभेटी सुरू करायच्या नाहीत असे ठरले.

एक अडचण आहे. चौथी पाळी यांनी सांगितलेले ध्वनिमुद्रण आम्हाला बंगालीत लागेल. एका मुलीने मजकुराचा थोडा भाग बंगालीत करून आपल्या आजीला वाचून दाखवला, तर आजी म्हणाली की ही कोलकात्याच्या बातम्यांची भाषा झाली.

मुलचेरेकर

गुरुजी, आजींचे बरोबर आहे. आमच्याकडचे वृद्ध खुलना, फरीदपूर, बारिसाल या भागांची बोली बोलतात. छापील बंगाली त्यांना सरकारी वाटते, आणि सरकारी आवाजात ‘शांत व्हा, श्वास घ्या’ ऐकले तर ते उलट सावध होतील. जागतिक आरोग्य संघटनेची ही पुस्तिका विनाव्यावसायिक वापरासाठी भाषांतरित करण्याची मुभा आहे, तेव्हा परवानगीची अडचण येऊ नये. मजकूर मला पाठवा. माझी आत्या अजून तीच बोली बोलते आणि तिचा आवाज खणखणीत आहे. ती वाचेल, मी लिहून घेईन. पण अंतिम करण्याआधी मानसमित्र ताईंनी एकदा तपासावे, कारण आत्याला मजकुरात स्वतःचे सल्ले घालण्याची सवय आहे.

मानसमित्र

अवश्य पाठवा. आत्यांचे सल्ले वेगळ्या रंगात लिहून ठेवा, त्यातले एखाददुसरे मूळ मजकुरापेक्षा बरे निघू शकतात. फक्त एक करा: पहिले मुद्रण दोन-तीन वृद्धांना ऐकवा आणि कोणत्या वाक्याला ते अस्वस्थ होतात ते टिपून घ्या. ‘डोळे मिटा’ ही सूचना बहुधा बदलावी लागेल. ज्यांनी रात्री जागून पहारा दिला आहे त्यांना अनोळखी खोलीत डोळे मिटायला सांगू नये, जमिनीवर एका जागी नजर ठेवा असे म्हणावे.